साहेबांच्या पाण्याचा तातडीचा अर्ज

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आमच्या इमारतीत आरोग्य खात्याची गाडी आली ती माझ्यामुळे आली नाही, आजोबांच्या अर्जामुळे आली. मी फक्त पाणी शोधत होते, आणि तेही स्वतःसाठी नाही. तरीसुद्धा जिन्यात लोक मला बघून हसतात. हसा, माझं काही म्हणणं नाही. पण आधी हे वाचा आणि मग योग्य माणसाला हसा.

आमच्याकडे कॅमेलिऑन आहे. 'म्हणजे पाल ना?' असं विचारणाऱ्यांना मी उत्तर देणं सोडून दिलंय. तो सरडा आहे, रंग बदलतो, पिंजऱ्यातच जन्मलेला आहे आणि त्याच्या जन्माची कागदपत्रं माझ्या कागदपत्रांपेक्षा नीट लावलेली आहेत. त्याचं नाव साहेब. हे बाबांनी ठेवलं. साहेब एक पाऊल उचलतो, ते हवेतच धरून विचार करतो, मग बहुधा परत मागे ठेवतो. एक डोळा समोर, दुसरा भलतीकडे. बाबा म्हणाले, "अगदी आमच्या ऑफिसातले."

आता या साहेबांना वाटीतलं पाणी दिसत नाही. म्हणजे दिसतं, पण ते पाणी आहे हे पटत नाही. त्यांना पाणी पानावर थेंबाथेंबाने पडलेलं लागतं, मगच ते जीभ लावतात. म्हणून पिंजऱ्यावर एक यंत्र बसवलंय: छोटी टाकी, पंप, बारीक नळी आणि टोकाला सुईच्या भोकाएवढं भोक असलेलं नोझल. दर दोन तासांनी ते फुस्स करून धुकं सोडतं. आमच्या घरात त्याला फुसफुस्या म्हणतात.

एका शनिवारी फुसफुस्याने फुस्स केलं नाही. आधी त्याने गुरगुर केली, मग एक सरळ, बारीक, सणसणीत पिचकारी सोडली. ती जाळीतून बाहेर येऊन आजोबांच्या चष्म्यावर बसली. आजोबा पेपर खाली न ठेवता म्हणाले, "याची लेखी तक्रार करायला हवी."

आजोबा चाळीस वर्षं सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. जगातली कुठलीही अडचण अर्ज केल्याने सुटते आणि न सुटल्यास स्मरणपत्राने सुटते, असा त्यांचा अनुभव आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी नोझल काढून पाहिलं तर त्यावर पांढरा थर. पानांवर पांढरे ठिपके. आणि साहेब डोळे अर्धे मिटून, डोळ्यांभोवती खळगे पडलेले, भिजलेल्या पुठ्ठ्याच्या रंगाचे होऊन बसलेले. मी त्यांना उचलून सरळ सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. या डॉक्टरांचं एक आहे, ते शब्द फार जपून वापरतात. त्यांनी साहेबांना पाहिलं आणि मग मी डबीत घालून नेलेली साहेबांची शी पाहिली.

"पांढरा भाग नारिंगी झालाय," ते म्हणाले. "पाणी पोटात जात नाहीये. असंच चाललं तर मूत्रपिंडं जातील."

"मग काय करू?"

"पाणी बदल. नळाचं जड आहे, क्षार साठतात, नोझल बंद पडतं. त्यात क्लोरीनचा वास, म्हणून हा तोंड लावत नसेल. कमी क्षारांचं, स्वच्छ पाणी शोध. पुढच्या रविवारपर्यंत शी पांढरी दिसली पाहिजे."

घरी येऊन मी हे जेवणाच्या टेबलावर शब्दशः सांगितलं. आईने ताट बाजूला सारलं.

"जेवताना?"

"आई, त्याच्या मूत्रपिंडांचा प्रश्न आहे."

"ते ठीक आहे. पण रविवारपर्यंत नाही जमलं तर ज्या दुकानातून आणला तिथे परत द्यायचा. माझ्या घरात एखादा जीव तडफडून मेलेला मला चालणार नाही. त्या दुकानदाराला निदान कळतं तरी."

त्या दुकानदाराला कळतं! त्याने साहेबांना रस्त्याच्या बाजूच्या काचेच्या पेटीत ठेवलं होतं, समोर पाण्याची वाटी, आणि येणारंजाणारं पोर काचेवर टकटक करत होतं. मी त्या पेटीची आठवण करून दिली. आई म्हणाली, "रविवार." आई आणि डॉक्टर दोघंही एकाच शाळेत शिकले असावेत.

आता तुम्ही म्हणाल, घरात फिल्टर नाही का? आहे. स्वयंपाकघरात आहे आणि आईचा आहे. माहेरून आणल्यासारखा ती त्याला जपते. पण तो म्हातारा झालाय. पाणी थेंब थेंब देतो, एक कळशी भरायला सकाळ जाते. आईचा नियम साधा: "माणसांना पुरत नाही, सरड्याला कुठून?" शिवाय माझी शंका अशी होती की दोन वर्षं दुरुस्ती न झालेला हा फिल्टर क्षार खरोखर काढतो की नुसतंच पाणी रेंगाळवतो? हे मी मोठ्याने बोलले. ही माझी चूक. आई दोन तास माझ्याशी बोलली नाही. फिल्टरवाल्याकडे क्षार मोजायचं पेनासारखं यंत्र असतं, म्हणून त्याला फोन केला. तो म्हणाला, "उद्या येतो." पुढचे तीन दिवस तो रोज हेच म्हणत होता.

दरम्यान बातमी जिन्यातून वर गेली. आमच्या इमारतीत बातमीला लिफ्ट लागत नाही.

चौथ्या मजल्यावरच्या काकू आल्या. "पाणी उकळून दे गं. आमच्या बाळालासुद्धा उकळूनच देत होते."

"काकू, उकळून क्षार जात नाहीत. पाणी आटतं आणि क्षार मागे राहतात. तुमच्या किटलीच्या तळाशी बघा."

काकू गेल्या, किटली बघून परत आल्या आणि आईला म्हणाल्या, "मुलगी फार बोलायला लागलीये हो." मी यंदा वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आले आहे. बोलणारच. (पहिल्या आलेल्या मुलीचा विषय सोपा होता, हे जाता जाता सांगते.)

मग बाबांनी शोध लावला. एसीच्या नळीखाली बादली ठेवली आणि संध्याकाळी ती हातात धरून, मोहिमेवरून परतल्यासारखे माझ्यासमोर उभे राहिले. "हवेतलं पाणी! एक कण क्षार नाही! निसर्गाचं शुद्धीकरण!"

बादलीत शेवाळासारखं काहीतरी तरंगत होतं. मी फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. उत्तर आलं: 'नाही.'

"का नाही?" बाबा दुखावले.

"बाबा, ते आतल्या धातूच्या नळ्यांवरून, बुरशीवरून येतं. तुम्ही प्याल?"

बाबांनी बादलीत पाहिलं आणि गप्पपणे संडासात ओतली. पण ओतताना जी मान हलवली त्यात 'आजकालच्या मुलांना' या विषयावरचं पूर्ण भाषण होतं.

खालचे गॅरेजवाले काका तर दारातच पाच लिटरचा कॅन घेऊन उभे राहिले. "हे घे पोरी. बॅटरीत घालायचं पाणी. डिस्टिल्ड! याच्यापेक्षा शुद्ध पाणी जगात नाही."

कॅनवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: पिण्यासाठी नाही.

"काका, हे वाचलंत?"

"ते माणसांसाठी लिहिलंय."

डॉक्टर: 'नाही.' आणि दोन मिनिटांनी, आपण होऊन: 'अजिबात नाही.' त्यांच्याकडून एका दिवसात एवढे शब्द म्हणजे मला काळजीच वाटली. कॅन परत घेताना काका मात्र असे रागावले की आठवडाभर बाबांच्या स्कूटरची हवा त्यांनी गाल फुगवून, एक शब्द न बोलता भरली.

औषधाच्या दुकानात शुद्ध पाणी आहे असं कळलं. आहे. इंजेक्शनमध्ये मिसळायचं, काचेच्या एवढ्याशा कुपीत, एका कुपीत चमचाभर. फुसफुस्याच्या टाकीला चारशे कुप्या लागल्या असत्या. "चारशे?" दुकानदाराने चष्मा वर केला. "पेशंट किती मोठा आहे?" मी हाताने वीतभर दाखवलं. त्याने चष्मा खाली केला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "बोला."

मंगळवारी शी नारिंगीच होती. बाबा रोज सकाळी ऑफिसला जाताना पिंजऱ्यात डोकावायचे, बाहेर यायचे आणि पावसाचा अंदाज सांगावा तसं सांगायचे, "नारिंगी." मी पानांवर ड्रॉपरने थेंब ठेवत होते. साहेब एक डोळा थेंबाकडे, एक माझ्याकडे करून बसायचे आणि काहीच करायचे नाहीत. त्यांच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहायची. त्या दिवशी मी शाळेत गणिताच्या तासाला रडले. सर्दी झालीये असं सांगितलं.

तेव्हा आजोबा म्हणाले, "पाणीखात्याची प्रयोगशाळा आहे. नळाचा एक आणि फिल्टरचा एक, असे दोन नमुने द्यायचे. अधिकृत आकडा येईल. तुझी आईसुद्धा अधिकृत आकड्यापुढे काही बोलणार नाही."

"माझा फिल्टर तपासायला सरकारकडे नेणार?" आत भांडं आपटलं. पण नेऊ दिलं. तिलाही पिंजऱ्याकडे बघवत नव्हतं.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी आणि आजोबा दोन बाटल्या घेऊन खिडकी क्रमांक तीनवर. आतल्या कारकूनबाई फॉर्मवर बोट ठेवून विचारत होत्या.

"पाण्याचा वापर? पिण्यासाठी, बांधकामासाठी, कारखान्यासाठी?"

"फवारण्यासाठी," मी म्हणाले.

"शेती?"

"नाही. कॅमेलिऑन."

"तो रकाना नाही."

"मग इतर लिहा ना!"

"इतर हा रकाना मागच्या वर्षी काढला. लोक काहीही लिहायचे." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो रकाना माझ्यासारख्यांमुळेच गेला. "पिण्यासाठी करते. एकवीस दिवसांनी या."

"एकवीस? मूत्रपिंडं जातील त्याची!"

"आजार असेल तर तातडीचा फॉर्म भरा. सोबत अर्ज."

आजोबांच्या डोळ्यांत जी चमक आली ती ते आजीच्या जुन्या फोटोंकडे बघतानासुद्धा मी पाहिली नव्हती. त्यांनी खिशातून पेन काढलं, बाकावर बसले आणि एका दमात दोन पानं लिहिली. मी म्हटलं, "आजोबा, स्पष्ट लिहा हं, सरडा म्हणून."

"वेडी आहेस का? सरडा लिहिलं तर कोण वाचेल? अर्जात प्राणी आणायचा नसतो. वस्तुस्थिती आणायची."

त्यांनी कागद आत सरकवला. "प्रत माहितीसाठी आरोग्य खात्याला," ते समाधानाने म्हणाले. "प्रत दिली की हालचाल होते."

झाली.

गुरुवारी दुपारी मी शाळेतून येते तो इमारतीसमोर पांढरी गाडी. जिन्यात मास्क लावलेली दोन माणसं, पुढे हातात फाईल घेतलेल्या एक डॉक्टरीणबाई, मागे सोसायटीचे सेक्रेटरी काका, त्यांच्या मागे काकू, गॅरेजवाले काका, आणि ज्यांना मी आयुष्यात पाहिलं नाही असे चार जण. आईने दार उघडलं, मास्क पाहिले आणि किंचाळली, "काय झालं माझ्या मुलीला?"

"मी इथे आहे!" मी जिन्यातून ओरडले.

"मुलगी नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळ. दीड वर्षाचं. कुठे आहे?"

"आमच्याकडे बाळ नाही," आई म्हणाली.

बाईंनी फाईल उघडली आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं वाचलं: "'अर्जदाराच्या कुटुंबातील दीड वर्षे वयाच्या सदस्याने गेल्या पाच दिवसांपासून पाणी घेणे बंद केले असून, त्याचे डोळे खोल गेले आहेत, वर्ण काळवंडला आहे व अंगाची त्वचा ठिकठिकाणी सुटत आहे. इमारतीचे पाणी हेच कारण असल्याचे वैद्यकीय मत पडले आहे.'" त्यांनी मान वर केली. "बाळ कुठे लपवलंय?"

मागे काकूंनी छातीवर हात ठेवला. "अगं बाई! आणि आम्ही तेच पाणी पितोय!" सेक्रेटरी काका भिंतीला टेकले. कोणीतरी घरी फोन करून नळ बंद करायला सांगितलं.

"साहेब आत आहेत," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? "झाडावर."

सगळे आत आले. सगळे म्हणजे सगळे. पिंजऱ्याभोवती बारा डोकी. साहेबांनी एक डोळा डॉक्टरीणबाईंवर लावला, एक सेक्रेटरी काकांवर, आणि मग कोळशासारखे काळे झाले.

बाईंनी फाईल मिटली.

"हा सरडा आहे," बाई म्हणाल्या.

"अर्जातला एक शब्द खोटा दाखवा," आजोबा पुढे झाले. "वय दीड वर्ष. सदस्य कुटुंबातला. कात टाकतोय, म्हणजे त्वचा सुटतेच. वर्ण काळवंडलेला, आपल्यासमोरच आहे."

"आजोबा, सरकारी गाडी आणलीत तुम्ही एका सरड्यासाठी?" बाईंनी विचारलं.

"गाडी मी मागितली नव्हती. मी प्रत दिली होती."

आणि मग सगळे माझ्याकडे वळले! का? अर्ज मी लिहिला होता? सेक्रेटरी काका म्हणाले, "सोसायटीची बदनामी केलीस." काकू म्हणाल्या, "किटलीच्या वेळीच मी म्हटलं होतं." गॅरेजवाले काका म्हणाले, "माझं पाणी घेतलं असतं तर ही वेळ आली नसती." कान तापले माझे. मी पिंजऱ्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "तो रविवारपर्यंत मरेल! तुम्हाला हसू येतंय, ठीक आहे. पण जे पाणी त्याच्या नोझलमध्ये दगड होऊन बसतं तेच तुम्ही पिता. त्याने फक्त तोंड फिरवलं. तुम्ही तेवढंही केलं नाहीत."

दुसरा नंबर मला कुठल्या परीक्षकांनी दिला होता, देव जाणे.

डॉक्टरीणबाईंनी सुस्कारा सोडला. "गाडी निघाली म्हणजे नमुना घ्यावाच लागतो. रिकामी परत नेली तर मलाच खुलासा द्यावा लागेल. टाकी कुठे आहे?"

"गच्चीवर," सेक्रेटरी काका म्हणाले, "पण किल्ली..." किल्ली त्यांच्याच खिशात होती, हे त्यांच्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं.

गच्चीवर टाकीला झाकण नव्हतं. आत कबुतराची पिसं, पाचोळा आणि एक टेनिसचा चेंडू होता. आणि झाकण? ते चार पावलांवर होतं. गोल, छान, विटांवर ठेवलेलं, आणि त्यावर सेक्रेटरी काकांच्या गुलाबाच्या सात कुंड्या.

"त्यांना बूड सपाट लागतं," काका पुटपुटले.

खाली येईपर्यंत जिन्यातला आवाज बदलला होता. आता कोणी माझं नाव घेत नव्हतं. मला थोडं वाईटसुद्धा वाटलं, कारण एवढं उत्तर तयार केलं होतं आणि ऐकायला कोणी रिकामं नव्हतं.

मग बाईंनी खिशातून ते पेनासारखं यंत्र काढलं. ज्याची मी फिल्टरवाल्याकडून तीन दिवस वाट पाहत होते तेच! नळाचं पाणी: सहाशे चाळीस. मग आईने स्वतः फिल्टरखाली भांडं धरलं. चेहरा परीक्षेला बसलेल्या हुशार मुलीचा. अठ्ठावीस.

"उत्तम आहे," बाई म्हणाल्या. "या इमारतीत आज पिण्याजोगं एवढंच पाणी आहे. टाकी धुऊन होईपर्यंत तीन दिवस नळाचं पिऊ नका."

आईने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात दोन वर्षांची दुरुस्ती, दोन तासांचा अबोला आणि 'नुसतंच रेंगाळवतो' हे सगळं होतं. मी मान खाली घातली. काही वेळा वक्त्यालाही ऐकून घ्यावं लागतं.

जाताना बाईंनी आजोबांच्या हातात एक फॉर्म ठेवला. "फाईल बंद करायला रुग्णाची सद्यस्थिती लेखी कळवावी लागेल. तेवढं तरी सरळ लिहा." दारात त्या थांबल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "एवढी गर्दी नको त्याच्यासमोर. मलाही कोणी बघत असलं की पाणी जात नाही."

अर्ध्या तासात आमच्या स्वयंपाकघरापासून जिन्यापर्यंत भांड्यांची रांग लागली. काकूंची किटली, गॅरेजवाल्या काकांचा तोच कॅन (धुतलेला), सेक्रेटरी काकांचा तांब्या सगळ्यात मागे. आणि फिल्टर आपला थेंब, थेंब. मी फुसफुस्याची टाकी घासून, नोझल व्हिनेगरमध्ये बुडवून स्वच्छ करून आणलं आणि ती रांग मोजली. पंधरा भांडी. माणसांची. नियम मला माहीत होता. मी टाकी रांगेच्या शेवटी, तांब्याच्या मागे ठेवली.

आईने ती पाहिली. उचलली, सगळ्या भांड्यांवरून पुढे नेली आणि फिल्टरखाली ठेवली.

"अहो, आमचा नंबर होता," काकू म्हणाल्या. "सरड्याला आधी?"

"अर्ज त्याचा आहे," आई म्हणाली. "अर्जदार आधी."

आजोबा आतल्या खोलीत बसून चष्मा पुसत होते. पिचकारी लागली नसतानाही.

डॉक्टरांना विचारलं, 'फिल्टरचं, अठ्ठावीस, चालेल?' उत्तर आलं: 'हो.' मी ते जपून ठेवलंय.

पिंजऱ्याच्या तीन बाजूंना मी जुनी चादर लावली आणि सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. फुसफुस्या पुन्हा फुस्स म्हणाला, धुकं पडलं, थेंब पानांवरून ओघळले. साहेब पाणी प्यायले का? मला माहीत नाही. मी बघत नव्हते. कोणीच बघत नव्हतं, आणि ते आम्हाला फार जड गेलं. शुक्रवारी बाबांनी सांगितलं, "नारिंगी." शनिवारी ते जरा वेळ थांबले. "पिवळट म्हणता येईल. पण मी घाईने बोलणार नाही."

रविवारी सकाळी मी साहेबांना उन्हासाठी खिडकीतल्या कुंडीतल्या झाडावर ठेवलं. झाडाखालच्या टेबलावर तो सद्यस्थितीचा फॉर्म पसरून आजोबा बसले होते. आई दारात उभी. दुकानाबद्दल ती बोलली नाही, पण पिंजरा न्यायची पिशवी खुंटीवर होती, ती मला दिसत होती.

"'प्रकृती समाधानकारक' लिहू की 'अंशतः सुधारणा'?" आजोबांनी विचारलं. "खोटं लिहिता येणार नाही. पुरावा हवा."

साहेबांनी एक पाऊल उचललं. हवेत धरलं. विचार केला. मग त्यांनी शेपूट किंचित वर केली, आणि बरोबर 'रुग्णाची सद्यस्थिती' या रकान्यावर, कागदाच्या मधोमध, टप्प.

बाबा वाकले. आई वाकली. मी तर आधीच वाकले होते.

पांढरी. खडूसारखी.

आईने खुंटीवरची पिशवी काढली आणि तिची घडी घालून कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात टाकली. आजोबांनी कागद दोन बोटांनी अलगद धरून उजेडात पाहिला, खाली ठेवला, पेनाचं टोपण काढलं आणि त्या रकान्याशेजारी लिहिलं: 'सोबत जोडले आहे.'